आंद्रेई ग्रोमिको : दीर्घ सेवेचा हिशेब



आजच्या व्याख्यानासाठी मी ज्या गृहस्थांची निवड केली आहे, ते लोकनायक नव्हते, मोठे वक्ते नव्हते आणि कोणत्याही नव्या विचाराचे प्रवर्तकही नव्हते. त्यांच्या भाषणांनी सभा डोलल्याचे कोणी ऐकलेले नाही. उलट, त्यांच्या गंभीर, किंचित त्रासिक चेहऱ्यावरून पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना नाना नावे ठेवली होती. तरीही दुसऱ्या महायुद्धापासून शीतयुद्धाच्या अखेरीपर्यंत जागतिक राजकारणातील क्वचितच एखादा महत्त्वाचा प्रसंग असा आढळेल, की ज्याच्या छायाचित्रात मागच्या किंवा पुढच्या रांगेत हा माणूस उभा नाही. आंद्रेई आंद्रेयेविच ग्रोमिको हे ते गृहस्थ होत. १९३९ साली ते परराष्ट्र खात्यात शिरले आणि १९८८ साली सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले. त्यांपैकी २८ वर्षे, म्हणजे फेब्रुवारी १९५७ पासून जुलै १९८५ पर्यंत, ते सोव्हिएत संघाचे परराष्ट्रमंत्री होते.

आपल्याकडे पूर्वी परदरबारी ठेवलेल्या प्रतिनिधीस वकील म्हणत. पुणे दरबारचे वकील दिल्लीस असत, हैदराबादेस असत. परराष्ट्रातील कचेरीला आपण आजही वकिलात म्हणतो, तो त्याच शब्दाचा अवशेष आहे. मला हा शब्द फार नेमका वाटतो. वकील बोलतो ते आपल्या धन्याच्या वतीने बोलतो. धन्याची बाजू न्याय्य असो वा नसो, ती त्याला शक्य तितक्या कौशल्याने मांडावी लागते. मग अशा माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्याच्या खात्यावर काय लिहायचे आणि धन्याच्या खात्यावर काय, हा प्रश्न उभा राहतो. ग्रोमिको यांच्या चरित्राच्या आधारे त्याच प्रश्नाचा विचार आपण आज करणार आहोत.

ग्रोमिको यांना जग रशियन म्हणून ओळखत असे. परंतु ते जन्माने बेलारूसचे. त्या देशाला आपल्याकडे पूर्वी बायलोरशिया म्हणत. गोमेल शहराच्या परिसरात स्तारिये ग्रोमिकी, म्हणजे ‘जुने ग्रोमिकी’, नावाचे खेडे आहे. तेथे १८ जुलै १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. गावातील बहुतेक कुटुंबांचे आडनाव ग्रोमिकोच होते; त्यामुळे घराघरांना वेगवेगळी टोपणनावे पडली होती. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, ही त्या प्रदेशाची नित्याची अवस्था. आंद्रेई यांचे वडील रशिया-जपान युद्धात सैनिक म्हणून लढले होते आणि पोटासाठी काही काळ कॅनडात जाऊन मजुरीही करून आले होते. शेतीवर भागत नसे म्हणून ते जंगलतोडीच्या आणि नदीतून ओंडके वाहून नेण्याच्या कामावर जात. तेरा वर्षांचे झाल्यावर आंद्रेईही त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

या मुलाला वाचनाचे वेड होते. गोमेल, मग बोरिसोव, मग मिन्स्क असे टप्पे घेत त्याने शेतीच्या अर्थशास्त्राचे शिक्षण पुरे केले. काही काळ एका खेड्यातील शाळा चालविली. १९३४ नंतर तो मॉस्कोत स्थिरावला आणि विज्ञान अकादमीच्या अर्थशास्त्र संस्थेत संशोधक झाला. सारे काही सुरळीत चालले असते, तर शेतीच्या अर्थकारणावर चारदोन ग्रंथ लिहून हा गृहस्थ प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला असता.

पण तो काळ सुरळीत नव्हता. १९३७-३८ च्या शुद्धीकरणात स्टालिनच्या यंत्रणेने सोव्हिएत परराष्ट्र खात्यातील अनुभवी माणसे शेकड्यांनी नाहीशी केली. कोणी तुरुंगात गेले, कोणी छळछावण्यांत, कोणी बंदुकीच्या गोळीला बळी पडले. मे १९३९ मध्ये परराष्ट्रमंत्री लिटव्हिनॉव यांनाही दूर करण्यात आले आणि मोलोटोव त्यांच्या जागी आले. रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी शेतकरी-कामगारांच्या घरांतून आलेली, शिकलेली, पक्षनिष्ठ आणि थोडेफार इंग्रजी जाणणारी तरुण माणसे हवी होती. ग्रोमिको यांची अशीच निवड झाली. परराष्ट्र व्यवहाराचा कोणताही अनुभव नसताना, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आत, त्यांच्याकडे अमेरिका विभागाचे प्रमुखपद आले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या खुर्चीवर ते बसले, ती पूर्वीच्या माणसाच्या गुणदोषांमुळे रिकामी झाली नव्हती. मतभेदाचा नुसता संशय आला तरी काय होऊ शकते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

त्याच वर्षी त्यांना वॉशिंग्टनच्या वकिलातीत पाठविण्यात आले. जाण्यापूर्वी स्टालिनने त्यांना बोलावून एक सल्ला दिला, असे त्यांनी आठवणींत नमूद केले आहे. अमेरिकन चर्चमध्ये जाऊन धर्मोपदेशकांची प्रवचने ऐकावीत. ते लोक शुद्ध आणि स्पष्ट इंग्रजी बोलतात, असा तो सल्ला होता. सोव्हिएत अधिकारी चर्चमध्ये बसलेला दिसला तर काय गहजब होईल, याची कल्पना असल्याने ग्रोमिको यांनी हा एक आदेश तेवढा पाळला नाही! ऑगस्ट १९४३ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते अमेरिकेतील सोव्हिएत राजदूत झाले.

येथे थोडे थांबून बेलारूसकडे वळले पाहिजे. ग्रोमिको वॉशिंग्टनच्या मेजवान्यांत वावरत होते, तेव्हा त्यांची जन्मभूमी जर्मन टाचेखाली होती. हजारो गावे भस्मसात झाली होती. मिन्स्कजवळच्या खातीन गावातील माणसे, मुलाबाळांसह, मार्च १९४३ मध्ये एका कोठारात कोंडून जाळण्यात आली, आणि असे झालेले ते एकच गाव नव्हते. युद्धाच्या अखेरीस हिशेब झाला तेव्हा बेलारूसच्या लोकसंख्येतील सुमारे चतुर्थांश माणसे उरलेली नव्हती. ग्रोमिको यांचे भाऊही आघाडीवर लढले आणि त्यांच्यापैकी सगळे परतले नाहीत. युद्ध म्हणजे काय, हे या माणसाला नकाशावरून शिकावे लागले नाही.

जुलै १९४४ मध्ये मिन्स्क मुक्त झाले. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स या वास्तूत संयुक्त राष्ट्रसंघाचा आराखडा तयार करण्यासाठी परिषद भरली. सोव्हिएत शिष्टमंडळाचे नेतृत्व ग्रोमिको यांच्याकडे होते. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी एक मागणी पुढे ठेवली आणि बैठकीत जणू स्फोट झाला. सोव्हिएत संघातील सोळाच्या सोळा घटक प्रजासत्ताकांना नव्या संघटनेत सभासदत्व मिळावे, अशी ती मागणी होती. तसे असेल तर अमेरिकेने आपल्या ४८ राज्यांसाठी ४८ मते का मागू नयेत, असे अमेरिकनांचे उत्तर होते. बातमी बाहेर फुटू नये म्हणून कागदोपत्री या प्रश्नाचा उल्लेख केवळ ‘क्ष प्रकरण’ असा करण्यात येऊ लागला.

घासाघीस पाच-सहा महिने चालली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्यात तडजोड झाली. सोळांचे दोनच राहिले: युक्रेन आणि बेलारूस. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सनदेवर सह्या झाल्या, तेव्हा सोव्हिएत संघाच्या वतीने ग्रोमिको यांनी सही केली आणि बेलारूसच्या वतीने त्या प्रजासत्ताकाचे परराष्ट्रमंत्री कुझमा किसेल्योव यांनी. लाकूडतोड्याच्या मुलाने आपल्या जळालेल्या मुलखासाठी जगाच्या पंगतीत एक पान मांडून घेतले, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. पण त्या पानावर काय वाढायचे हे मिन्स्कमध्ये ठरत नसे. किसेल्योव १९६६ पर्यंत आणि त्यांच्यानंतर अनातोली गुरिनोविच १९९० पर्यंत परराष्ट्रमंत्रिपदावर होते. बेलारूसचे मत मात्र जवळजवळ नेहमी सोव्हिएत मताच्या पाठोपाठ पडत गेले. १९७४-७५ मध्ये तो देश सुरक्षा समितीचाही सभासद होता, तेव्हाही यात फरक पडला नाही. असे असूनही ती जागा व्यर्थ गेली नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला, तेव्हा बेलारूसला सभासदत्वासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. त्याने फक्त आपले नवे नाव कळविले. ‘क्ष प्रकरणा’चे हे फळ हाती यायला ४७ वर्षे लागली, आणि ते पाहायला ग्रोमिको हयात नव्हते.

१९४६ ते १९४८ या काळात ग्रोमिको सुरक्षा समितीत सोव्हिएत प्रतिनिधी होते. समितीच्या अकरा सभासदांत बहुमत पाश्चात्त्यांच्या बाजूचे असल्याने मतदानाने सोव्हिएत संघाच्या मनासारखे काही होण्याची शक्यताच नव्हती. राहिला होता तो नकाराधिकार. ग्रोमिको यांनी तो वीसहून अधिक वेळा वापरला. रशियन भाषेत नाही या शब्दाला ‘न्येत’ म्हणतात. त्यावरून त्यांचे ‘मिस्टर न्येत’ असे नाव पडले, ते जन्मभर सुटले नाही. आपल्याला जेवढे नकार ऐकावे लागले तेवढे आपण दिलेले नाहीत, असे उत्तर ते यावर देत असत.

नकार म्हटला की आपल्याला अडवणूक आठवते. पण आपण भारतीयांनी या बाबतीत घाईने निवाडा देऊ नये. ग्रोमिको १५ फेब्रुवारी १९५७ रोजी परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यानंतर पाचच दिवसांनी काश्मीरविषयक ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने सुरक्षा समितीत पडला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा आणि फौजा मागे घेण्याचा ठराव आणला. त्याला सात मते पडली. विरुद्ध पडलेल्या चार मतांत सोव्हिएत संघाचे एक होते आणि ते नकाराधिकाराचे असल्याने ठराव तेथेच संपला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या प्रश्नावर तर हा अधिकार तीनदा वापरला गेला. यांपैकी एकाही प्रसंगी हात वर करणारी व्यक्ती स्वतः ग्रोमिको नव्हते. परंतु खाते त्यांचे होते. ज्या ‘न्येत’चा न्यूयॉर्क-लंडनमध्ये उपहास झाला, त्याचे पणजीत आणि ढाक्यात निराळे मोल होते.

भारताशी ग्रोमिको यांचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्री आणि अयूबखान यांच्यात मध्यस्थी चालली असताना कोसिगिन यांच्याबरोबर ग्रोमिको तेथे होते. एका दालनातून दुसऱ्या दालनात मसुदे नेणे, एखाद्या शब्दावर अडलेली गाडी दुसरा शब्द सुचवून पुढे काढणे, हे काम त्यांच्या स्वभावाला मानवणारे होते. १० जानेवारी रोजी जाहीरनाम्यावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. पुढे ९ ऑगस्ट १९७१ रोजी नवी दिल्लीत शांतता, मैत्री आणि सहकार्याच्या करारावर सरदार स्वर्णसिंग यांच्यासमवेत सही करणारे हात ग्रोमिको यांचेच होते. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित येत होते. अमेरिका आणि चीन जवळ येत होते. अशा वेळी, दोहोंपैकी एका देशावर आक्रमण झाले वा त्याचा धोका निर्माण झाला तर उभयतांनी तत्काळ विचारविनिमय करावा, हे नववे कलम भारताला मोठा आधार वाटले. त्याच करारात भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाविषयी आदर व्यक्त करणारे कलमही होते. दोन्ही पक्षांना आपापली मान ताठ ठेवता येईल असा हा मसुदा होता.

आता या माणसाच्या कार्यपद्धतीकडे पाहू. ग्रोमिको यांना इंग्रजी उत्तम येत असे. तरीही वाटाघाटींत ते दुभाषी घेऊन बसत. भाषांतर चालू असताना विचाराला दुप्पट वेळ मिळतो, हे त्यामागचे सूत्र. मागील बैठकीत, मागील वर्षी, दहा वर्षांपूर्वी कोण काय म्हणाले, हे त्यांच्या स्मरणात असे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बदलत राहिले. डलेसपासून शुल्ट्झपर्यंत नऊ जण त्यांच्यासमोर येऊन बसले. प्रत्येक नव्या माणसाला जुन्या कागदांचा अभ्यास करावा लागे. ग्रोमिको यांच्यापुढे मात्र तो कागद लिहिला गेला होता. मोठी सवलत ते कधी एकदम देत नसत. तासन्‌तास एकच मुद्दा उगाळून समोरच्याला थकवीत आणि सामान आवरण्याच्या वेळी थोडे पुढे सरकत.

या चिवटपणाची फळे मोजण्यासारखी आहेत. ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील, अवकाशातील आणि पाण्याखालील अण्वस्त्रचाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला. त्यावर रस्क आणि लॉर्ड होम यांच्याबरोबर ग्रोमिको यांची सही आहे. त्या दिवसानंतर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी आपल्या आकाशात अणुस्फोट केले नाहीत. १९७० च्या आरंभी पश्चिम जर्मनीचे एगोन बार मॉस्कोला आले आणि त्यांच्या नि ग्रोमिको यांच्या बैठकांवर बैठका झाल्या. त्यांतून १२ ऑगस्ट १९७० चा मॉस्को करार निघाला आणि युरोपातील सीमा बळाने बदलल्या जाणार नाहीत हे जर्मनीकडून लिहून मिळाले. ज्याच्या गावावरून पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडून फौजा चालून आल्या, त्याला या एका वाक्यासाठी कितीही महिने खर्ची घालणे जड गेले नसावे. १९७५ चा हेलसिंकीचा अंतिम मसुदा आणि १९७९ चा दुसरा सामरिक शस्त्रमर्यादा करार यांच्या मागेही हीच बैठक आणि हीच चिकाटी होती. एक दिवसाच्या युद्धापेक्षा दहा वर्षांच्या वाटाघाटी बऱ्या, हे वचन त्यांच्या नावावर सांगितले जाते.

मित्रहो, जमेची बाजू ही अशी भरघोस आहे. परंतु हिशेबाला दुसरी बाजूही असते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

१८ ऑक्टोबर १९६२ ची गोष्ट. ग्रोमिको व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष केनेडींना भेटले. क्यूबाला होणारी सोव्हिएत मदत ही शेतीच्या आणि संरक्षणाच्या कामापुरती आहे, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. त्यापूर्वी चारच दिवस टेहळणी विमानाने क्यूबातील क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे घेतली होती आणि ती केनेडींनी पाहिलेली होती. ग्रोमिको यांना क्षेपणास्त्रांची माहिती होती. केनेडींना ती माहिती झाली आहे, याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. दोघे दोन तासांहून अधिक बोलले आणि ज्या विषयावर जग विनाशाच्या काठाशी आले होते, त्याचा स्पष्ट उच्चार कोणीही केला नाही. चार दिवसांनी केनेडींनी आपल्या राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि ग्रोमिको यांचे विधान असत्य असल्याचे त्यांचे नाव घेऊन सांगितले. केनेडींनी आपल्याला सरळ प्रश्न विचारलाच नव्हता, असा खुलासा ग्रोमिको यांनी पुढे केला. हा खुलासा वकिली खुलासा आहे. न्यायालयात तो कदाचित टिकेल. पण समोरच्या माणसाने आपल्या शब्दावर विसंबावे हे ज्याचे भांडवल, त्याने त्या दिवशी त्यातले बरेचसे गमावले.

क्यूबात क्षेपणास्त्रे पाठविण्याचा निर्णय क्रुश्चॉव यांचा होता. हे क्रुश्चॉव आपल्या परराष्ट्रमंत्र्याची पाहुण्यांदेखत थट्टा करीत. मी सांगितले तर हा बर्फाच्या लादीवर जाऊन बसेल आणि ऊठ म्हणेपर्यंत उठणार नाही, असे ते म्हणत, असे सांगतात. थट्टा क्रूर होती, पण तिच्यात ग्रोमिको यांच्या दीर्घ सेवेचे एक रहस्य दडलेले होते. धनी बदलले, वकील टिकून राहिला.

मात्र १९७९ साली परिस्थिती बदललेली होती. १९७३ पासून ग्रोमिको स्वतः पॉलिटब्यूरोचे सभासद होते. ब्रेझनेव प्रकृतीने खचले होते आणि परराष्ट्र व संरक्षण या बाबतींत आंद्रोपोव, उस्तिनोव आणि ग्रोमिको या तिघांचा शब्द चाले. वकील आता धन्यांच्या बैठकीत बसला होता. मार्च महिन्यात अफगाणिस्तानात हेरात येथे बंड झाले आणि काबूलच्या सरकारने सोव्हिएत फौजा मागितल्या. पॉलिटब्यूरोच्या त्या वेळच्या बैठकांची टिपणे सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खुली झाली आहेत. पहिल्या दिवशी, अफगाणिस्तान आपण गमावता कामा नये, असे ग्रोमिको म्हणाले. दुसऱ्या दिवशी, १८ मार्च रोजी, त्यांनी निराळा विचार मांडला. फौज पाठविली तर ती आक्रमक ठरेल. तिला लढावे लागेल ते सर्वांआधी अफगाण जनतेशी. आणि तणाव कमी करण्यासाठी, शस्त्रकपातीसाठी इतकी वर्षे जे केले ते सारे मागे फेकले जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे जे घडले त्याचे एवढे अचूक भाकीत क्वचितच कोणी केले असेल.

आणि नऊ महिन्यांनी, १२ डिसेंबर १९७९ रोजी, फौजा पाठविण्याचा निर्णय झाला, तेव्हा तो घेणाऱ्या मोजक्या माणसांत ग्रोमिको होते. त्या कागदावर त्यांची सही आहे. वर्ष संपण्यापूर्वी फौजा काबूलमध्ये होत्या. जानेवारीत अमेरिकन सिनेटमधील शस्त्रमर्यादा कराराचा विचार थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत फौजा माघारी घेण्याच्या ठरावाला १०४ मते पडली. भारत तटस्थ राहिला. फेब्रुवारीत ग्रोमिको दिल्लीला आले, तेव्हा जुन्या मित्राच्या घरीही या कृतीविषयीची अस्वस्थता त्यांच्या कानी घालण्यात आली. पुढे नऊ वर्षे युद्ध चालले. सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक आणि कित्येक लक्ष अफगाण माणसे त्यात मेली. एका दिवसाच्या युद्धापेक्षा दहा वर्षांच्या वाटाघाटी बऱ्या, हे ज्याच्या नावावर सांगतात, त्याच्या सहीने वाटाघाटींची दहा वर्षे एका निर्णयापायी वाया गेली.

क्यूबाचा दोष धन्याच्या खात्यावर टाकता येईल. अफगाणिस्तानचा नाही. येथे ग्रोमिको यांना सत्य दिसले होते, ते त्यांनी एकदा बोलूनही दाखविले होते, आणि मग ते गप्प बसले. मार्च आणि डिसेंबर यांच्या दरम्यान परिस्थिती बदलली, काबूलमध्ये अमीन सत्तेवर आले, ते अमेरिकेकडे झुकतील अशी शंका आली, ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु मला वाटते, याहून खोल कारण त्या १९३९ च्या रिकाम्या खुर्चीत आहे. मतभेद हा जेथे मृत्यूचा परवाना होता, अशा शाळेत या माणसाची घडण झाली. स्वतःचे मत असणे आणि ते गिळून टाकणे या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी शिकला. गिळण्याची सक्ती संपली तरी सवय संपली नाही.

उरलेला भाग थोडक्यात सांगतो. मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव यांचे नाव पक्षाच्या सरचिटणीसपदासाठी ग्रोमिको यांनी सुचविले. जुलैमध्ये त्यांना सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष, म्हणजे नावापुरते राष्ट्रप्रमुख, करण्यात आले आणि परराष्ट्र खाते शेवर्दनाझे यांच्याकडे गेले. ते राष्ट्रप्रमुख असतानाच २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला. वाऱ्याने किरणोत्सर्गी धूळ उत्तरेकडे नेली. तिचा फार मोठा भाग बेलारूसवर पडला आणि त्यातही गोमेलच्या परिसरावर. ज्या वेत्का जिल्ह्यात स्तारिये ग्रोमिकी मोडते, तो अतिशय दूषित जिल्ह्यांपैकी एक ठरला. तेथली कितीतरी गावे उठवावी लागली. ग्रोमिको यांचे जन्मगावही त्यांतलेच. जर्मनांच्या स्वारीनंतरही जे गाव पुन्हा नांदते झाले होते, ते आपल्याच राज्यात तयार झालेल्या अदृश्य विषाने ओस पडले. पहिले दोन दिवस मॉस्कोने या अपघाताविषयी जगाला अवाक्षर सांगितले नव्हते, हेही विसरता येत नाही. न बोलण्याची कला जी राज्यसंस्था परराष्ट्रांशी वागताना जोपासते, ती शेवटी आपल्याच लोकांशीही तशीच वागू लागते.

१९८८ च्या ऑक्टोबरात ग्रोमिको निवृत्त झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून माघारी आला. २ जुलै १९८९ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला पंधरवडा उरला असताना, ग्रोमिको यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ आधीच्या वर्षी प्रसिद्ध झाला होता. त्यात थोरामोठ्यांच्या भेटी आहेत, परिषदा आहेत. पश्चात्तापाचा सूर मात्र शोधूनही सापडत नाही. वकिलाने आपल्या अशिलाची गुपिते शेवटपर्यंत राखली.

तर मग हिशेब कसा मांडायचा? काही जण म्हणतात, ग्रोमिको हे केवळ एक यंत्र होते. मला हे मान्य नाही. यंत्राला डिसेंबरचे परिणाम मार्चमध्ये दिसत नाहीत. दुसरे म्हणतात, ते महान मुत्सद्दी होते आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका त्यांच्या राज्याच्या होत्या. हेही मला पुरे वाटत नाही. अणुयुद्ध झाले नाही, आकाशातील स्फोट थांबले, युरोपच्या सीमा तीन दशके हलल्या नाहीत, यात त्यांच्या चिवट बैठकीचा वाटा आहे, आणि तो कृतज्ञतेने मान्य केला पाहिजे. परंतु ज्या माणसाने जगाला हजारदा ‘न्येत’ म्हटले, त्याला आपल्या घरच्या बैठकीत, आपल्याच सहकाऱ्यांना, एकदा ते म्हणून त्यावर ठाम राहणे जमले नाही. त्याच्या आयुष्यातील तो सर्वांत मोलाचा नकार ठरला असता.

आपल्यापैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या सेवेत आहेत. कचेरीत, शाळेत, सरकारी खात्यात आपणही कोणाच्या तरी वतीने बोलत असतो, सह्या करीत असतो. दीर्घ सेवा हा गुण आहे. अनुभव, स्मरण आणि धीर तिच्यातूनच येतात. पण त्या सेवेत मिळविलेले ज्ञान नेमके हवे असेल त्या दिवशी बोलले गेले नाही, तर ते कोणाच्या उपयोगी पडणार? ग्रोमिको यांच्या चरित्रातून मी हा प्रश्न घेतला आहे. तो आपल्यापुढे ठेवून थांबतो.